लेखणी बदलली, हात तोच

"जमाना बदल गया" हे वाक्य आपल्या घरांत आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकू येते. आजी ते उसासा टाकून म्हणते, कमावता मुलगा नाइलाजाने म्हणतो आणि कॉलेजात जाणारी नात हसत हसत म्हणते. वाक्य एकच असले तरी तिघांच्या मनातला अर्थ वेगवेगळा असतो. एकाच घरात, एकाच दस्तरखानावर जेवणारी माणसे एकच बदल इतक्या वेगवेगळ्या प्रकारे का घेतात, हा प्रश्न आम्हाला शिक्षक म्हणून नेहमी पडतो. वर्गातही तेच दिसते. नवी पद्धत आली की दोन मुले उडी मारून पुढे येतात, बरीचशी शेजाऱ्याच्या वहीत डोकावून बघतात आणि तीन-चार जण हात बांधून बसून राहतात.

बदलावर उपदेश करणे सोपे आहे. "काळाबरोबर चला" असे म्हणायला काहीच लागत नाही. पण ज्याची रोजी त्या बदलात गेली त्याला असे सांगताना आपण थोडे थांबले पाहिजे. म्हणून या लेखात उपदेशाऐवजी एका धंद्याची हकीकत सांगायची आहे. हा धंदा उर्दू कातिबांचा, म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर लिहून देणाऱ्या खुशनवीसांचा. त्यांच्या हातच्या खुणा आजही आपल्या घरांत आहेत. कपाटातली दादाजानची जुनी किताब, अम्मीच्या निकाहची पिवळी पडलेली पत्रिका, मशिदीच्या दारावरचा कतबा, कबरस्तानातल्या जुन्या दगडावरचे नाव, हे सारे कुणा ना कुणा कातिबाने लिहिलेले आहे.

कातिब होणे म्हणजे काय?

उर्दू ज्या वळणात लिहिली जाते त्याला नस्तालीक म्हणतात. हे वळण इराणात घडले आणि तिथून हिंदुस्थानात आले. अरबी मजकुरासाठी वापरले जाणारे नस्ख हे वळण ओळीवर सरळ चालते. नस्तालीकमध्ये मात्र प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरत येतो. शिवाय शेजारी कोणते अक्षर आहे त्यावर अक्षराचा आकार बदलतो. 'बे' हे अक्षर 'अलिफ'च्या आधी एका रूपात येते, 'जीम'च्या आधी दुसऱ्या आणि 'मीम'च्या आधी तिसऱ्या. वाचणाऱ्याला हे जाणवत नाही, पण लिहिणाऱ्याला प्रत्येक जोड हातात मुरवावी लागते.

शिकायची सुरुवात तख्तीपासून होई. लाकडी पाटीवर मुलतानी मातीचा लेप द्यायचा, ती वाळवायची, बोरूने लिहायची, उस्तादांना दाखवायची आणि धुऊन पुन्हा लेप द्यायचा. बोरूला तिरपा काप कसा द्यायचा हे शिकण्यातच दिवस जात. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका, म्हणजे नुक्ता, हेच मोजमाप. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, बे किती नुक्त्यांची लांब, हे ठरलेले असे. या सरावाला मश्क म्हणत. वर्षानुवर्षे मश्क केल्यावर उस्ताद म्हणत की आता तुझे अक्षर लोकांपुढे जायला हरकत नाही.

वर्तमानपत्रातला कातिब तर आणखी कसलेला असे. संपादकाचे घाईघाईतले, मोडके अक्षर वाचायचे, चुकलेला शब्द दुरुस्त करायचा, दिलेल्या जागेत मजकूर बरोबर बसवायचा. जागा उरली तर अक्षर थोडे लांबवायचे, कमी पडली तर आवळायचे. मथळे लिहिणारा हात वेगळा आणि मजकूर लिहिणारा वेगळा. हे सगळे छपाईची वेळ चुकू न देता करायचे.

पहिला बदल: छापखाना

छापखाना आला की हाताने लिहिणाऱ्यांची गरज संपते, असे आपल्याला वाटेल. युरोपात बऱ्याच अंशी तसे झाले. उर्दूत मात्र उलटे घडले आणि ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उर्दू छापण्याचे दोन मार्ग होते. एक शिशाचे खिळे जुळवून छापण्याचा. कलकत्त्याला १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, तिथून खिळ्यांनी छापलेली उर्दू पुस्तके बाहेर पडली. पण नस्तालीकचे उतरते शब्द आणि बदलते आकार खिळ्यांत बसवणे फार अवघड होते. दुसरा मार्ग शिळाछापाचा. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास दगडावरून छापण्याची ही रीत शोधली आणि १८२० च्या दशकात ती हिंदुस्थानात पोहोचली. यात कातिबाने खास कागदावर तेलकट शाईने लिहायचे, तो कागद दगडावर दाबायचा, अक्षरे दगडावर उलटी उतरत आणि त्यावरून कागदावर सुलटी छापली जात. म्हणजे कातिबाच्या हातचे अक्षर जसेच्या तसे हजारो घरांत जाऊ लागले.

या रीतीने कातिबांचे काम कितीतरी पटींनी वाढले. लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला. कुरआन शरीफ, हदीस, तिब, शायरी, दास्ताने अशी हजारो पुस्तके तिथून निघाली आणि सामान्य माणसाच्या घरात पोहोचली. या कामातून एक नवा कारागीर जन्माला आला. त्याला संगसाज म्हणत. दगडावर उतरलेल्या अक्षरांत चूक राहिली असेल तर ती तो दगडावरच दुरुस्त करी, आणि तीही उलट्या अक्षरांत! आरशात दिसावे तसे नस्तालीक लिहिणारा हा माणूस या बदलाआधी कुठे अस्तित्वातच नव्हता.

तरीही शिळाछाप सर्वांनाच पुरेसा वाटला नाही. सर सय्यद अहमद खान यांचा कल खिळ्यांकडे होता. १८७० साली त्यांनी सुरू केलेले 'तहजीबुल अखलाक' खिळ्यांवर छापले जाई. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले तेव्हा त्यांनीही खिळेच निवडले. दोघांनाही सुबक, नेमकी, आधुनिक छपाई हवी होती. पण वाचकांचे डोळे नस्तालीकला सरावले होते. नस्खमध्ये उर्दू वाचताना त्यांना परके वाटे. परिणामी आणखी सत्तर वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातूनच लिहिली गेली.

इथे एक गोष्ट दिसते. नव्या गोष्टीला नकार देणारा वाचक अडाणी नव्हता. त्याला छपाई हवी होती, पण आपल्या लिपीचे रूप मोडून नको होती. पुढे ज्या दिवशी यंत्राने ते रूप जपून दाखवले, त्या दिवशी याच वाचकाने यंत्र मुकाट्याने स्वीकारले.

दुसरा बदल: कॉम्प्युटर

तो दिवस १९८१ मध्ये उजाडला. पाकिस्तानातले चित्रकार आणि खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून नस्तालीक कॉम्प्युटरवर आणले. सुटी अक्षरे जोडत बसण्याऐवजी त्यांनी अक्षरांचे जोडलेले तुकडे हाताने लिहून काढले. अशा हजारो तुकड्यांचा साठा यंत्रात भरला गेला. या अक्षरवळणाला त्यांनी आपल्या वडिलांच्या नावावरून नूरी नस्तालीक हे नाव दिले. त्याच वर्षी लाहोरचे 'जंग' या अक्षरात निघू लागले.

विचार करण्यासारखी बाब अशी की कातिबांचे काम ज्या यंत्रामुळे गेले, त्या यंत्रातले अक्षर एका खुशनवीसाच्याच हातचे होते. आज आपण उर्दूचे छापील पान वाचतो तेव्हाही बहुधा जमील साहेबांचे हस्ताक्षरच वाचत असतो.

सुरुवातीची यंत्रे फार महाग होती. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीने इनपेज नावाचा प्रोग्राम बाजारात आणला आणि साध्या कॉम्प्युटरवर नूरी नस्तालीकमध्ये पान तयार होऊ लागले. त्यानंतर दिल्ली, हैदराबाद, मुंबई, मालेगाव, जिथे जिथे उर्दू छापली जाते तिथल्या प्रेसमध्ये काही वर्षांतच चित्र पालटले. कातिबाला जे पान लिहायला अनेक तास लागत, ते टाइप करणारा मुलगा त्याहून कितीतरी लवकर देऊ लागला. शिवाय चूक निघाली तर पान पुन्हा लिहायची गरज उरली नाही.

चार वाटा

मग कातिबांनी काय केले? सर्वांनी एकच गोष्ट केली नाही. ढोबळ मानाने चार वाटा दिसतात.

पहिली वाट कीबोर्डपुढे जाऊन बसणाऱ्यांची. यांच्या हातात एक मोठी जमेची बाजू होती. शुद्धलेखन त्यांना पाठ होते, संपादकाचे अक्षर वाचता येत होते, पान कसे दिसायला हवे याची नजर होती. यंत्र चालवता येणारे पुष्कळ होते, पण 'सीन' की 'सुआद', 'जे' की 'जाल' याची खात्री असणारे थोडे. ज्यांनी चार-सहा महिने बोटांचा त्रास सोसला, त्यांना प्रेसमध्ये पुन्हा मान मिळाला.

आमच्या माहितीतले एक कातिबसाहेब पन्नाशी ओलांडल्यावर कॉम्प्युटर शिकले, तेही स्वतःच्या मुलीकडून. मुलगी संध्याकाळी क्लासहून आली की ते तिच्या बाजूला बसत. "अब्बा, तुम्ही फक्त अक्षर शोधा, बाकीचं जोडकाम मशीन करतं," असे ती समजावी. ते म्हणत, "बेटी, जोडकाम मशीनने केलं तर मी काय करू?" यावर मुलीने दिलेले उत्तर आम्हाला फार आवडते. ती म्हणाली, "चूक तुम्ही पकडायची. ते मशीनला येत नाही." पुढे त्यांनी कित्येक वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले.

दुसरी वाट हुनर वेगळ्या ठिकाणी नेणाऱ्यांची. वर्तमानपत्राच्या मजकुराला कातिब नको झाला तरी मशिदीच्या मेहराबीवरचा मजकूर, शादीकार्डावरची नावे, पुस्तकाचे मुखपृष्ठ, भिंतीवर लावायची तुग्र्याची चौकट यांना हातचे अक्षर हवेच होते. काही वर्तमानपत्रांतही मजकूर कॉम्प्युटरवर गेल्यानंतर मोठे मथळे काही काळ हातानेच लिहिले जात. या मंडळींनी अक्षराला कला म्हणून पुढे आणले. मात्र या वाटेवर थोड्यांनाच जागा होती.

तिसरी वाट धंदा सोडणाऱ्यांची. कुणी मकतबात शिकवू लागले, कुणी किताबांचे किंवा किराण्याचे दुकान टाकले, कुणी मुलाच्या कमाईवर घरी बसले. लोक यांना हरलेले समजतात. आम्हाला ते पटत नाही. घर चालले पाहिजे म्हणून तीस वर्षांचा हुनर बाजूला ठेवून दुसरे काम पत्करायला फार मोठा सब्र लागतो.

चौथी वाट वाट पाहणाऱ्यांची. "हे चार दिवसांचं खूळ आहे, यंत्राच्या अक्षरात जान नाही, लोक परत येतील" असे ते म्हणत राहिले. यंत्राच्या पानात हातची लय नाही हे त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. पण वाचकाला सकाळी वेळेवर ताजी बातमी हवी होती आणि मालकाला खर्च कमी हवा होता. म्हणणे खरे असूनही काम थांबले.

माणसे अशी वेगवेगळी का वागतात?

बदल कोण आधी स्वीकारतो आणि कोण नंतर, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मक्याचे नवे संकरित बियाणे आले तेव्हा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनी दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांकडे चौकशी केली. १९४३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवे बियाणे दुष्काळात टिकत होते, पीकही जास्त देत होते. तरी सगळ्यांना ते घ्यायला दहा-बारा वर्षे लागली. शेवटी दोघे सोडून सर्वांनी घेतले. बियाण्याची माहिती अनेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचे शेत पाहून. आणि पुष्कळांनी आधी थोड्याशा जमिनीत पेरून पाहिले, मगच सगळे शेत त्याखाली आणले.

पुढे १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी अशा अनेक अभ्यासांवरून माणसांचे पाच गट मांडले. अगदी पहिले धाडस करणारे २.५ टक्के, त्यांच्यामागून विचारपूर्वक येणारे १३.५ टक्के, मग ३४ टक्के, मग आणखी ३४ टक्के आणि सर्वांत शेवटी १६ टक्के. शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांना हे आकडे माहीत असतात. आपण ते कातिबांच्या हकिकतीशेजारी ठेवून पाहिले तर तीन गोष्टी समजतात.

एक, माणूस जाहिरात ऐकून बदलत नाही. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहून बदलतो. ज्या प्रेसमध्ये एक वडीलधारा कातिब कीबोर्डपुढे बसला, तिथे बाकीच्यांची भीडही लवकर मोडली असणार.

दोन, थोडे करून पाहायची सोय लागते. आयोवातल्या शेतकऱ्याला एक तुकडा पेरून पाहता आला. दिवसभर पानामागे मजुरीवर काम करणाऱ्या कातिबाजवळ शिकायला वेळही नव्हता आणि घरी कॉम्प्युटरही नव्हता. त्याच्यापुढे 'आज शीक, नाहीतर उद्या येऊ नकोस' असा पेच होता.

तीन, मागे राहणारा प्रत्येक जण हट्टी नसतो. बियाणे फसले तर मोठ्या शेतकऱ्याचे एक पीक जाते, छोट्याचे घर जाते. साठीचे डोळे, भाड्याची खोली, लग्नाच्या दोन मुली अशी परिस्थिती असलेल्या माणसाने नवे शिकायला कचरणे हा हिशेब असतो, आळस नसतो. म्हणून कुणाला 'मागासलेला' म्हणण्याआधी त्याच्या हातात काय होते ते पाहावे.

जुन्या काळातला एक दाखला

लिहिण्याच्याच संदर्भात आपल्या इतिहासातली एक घटना इथे आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वफातीनंतर यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांना सुचवले की संपूर्ण कुरआन एकत्र लिहून ठेवावा. हजरत अबू बकर यांना प्रथम संकोच वाटला. जे काम प्रेषितांनी (स.) केले नाही ते आपण कसे करावे, असा त्यांचा प्रश्न होता. हजरत उमर पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि त्यांचे मन तयार झाले. मग हे काम तरुण हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपवले तेव्हा त्यांनीही तीच शंका काढली. डोंगर हलवणेही यापेक्षा हलके वाटले असते, असा त्यांचा अनुभव हदीसमध्ये नोंदलेला आहे. शेवटी त्यांनी खजुराच्या फांद्या, दगडाच्या चपट्या शिळा आणि लोकांच्या पाठांतरातून अतिशय काटेकोरपणे ते काम पूर्ण केले.

या घटनेत तीन थोर माणसे आहेत आणि तिघांची पहिली प्रतिक्रिया सारखी नाही. एकाला धोका आधी दिसला, दुसऱ्याला मर्यादेची काळजी वाटली, तिसऱ्याला जबाबदारीचे ओझे वाटले. कुणी कुणाला हिणवले नाही. शंका विचारल्या गेल्या, उत्तरे दिली गेली, आणि ज्याने शंका काढली त्याच्याच हातून काम सर्वांत काळजीपूर्वक झाले. शंका घेणारा माणूस कामाचा असतो, हे घरातल्या आणि संस्थांतल्या कारभाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

न बदलणारे आणि पुन्हा पुन्हा बदलणारे

चेन्नईत 'द मुसलमान' नावाचे उर्दू दैनिक १९२७ मध्ये निघाले. चार पानांचे हे सायंदैनिक कॉम्प्युटर आल्यानंतरही कित्येक वर्षे कातिबांकडून हातानेच लिहून घेतले जात राहिले. लिहिणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. उशिरा येणाऱ्या बातमीसाठी पहिल्या पानावर थोडी जागा मोकळी ठेवत. त्यांचे पाहायला देशोदेशीचे पत्रकार गेले. पण त्यांनीही छपाईसाठी दगड धरून ठेवला नव्हता. हाताने लिहिलेले पान फिल्मवरून ऑफसेट यंत्रावर छापले जाई. काय धरायचे आणि काय सोडायचे हे त्यांनी आपल्यापुरते ठरवले होते.

दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर शिकलेल्यांनाही एकदाच बदलून भागले नाही. इनपेजमध्ये टाइप केलेला मजकूर सुरुवातीला इंटरनेटवर चालत नसे, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे आपली पाने चित्राच्या रूपात टाकत. त्यात काही शोधता येत नसे. मग युनिकोड आले, पुन्हा नवे शिकावे लागले. मोबाईलवर उर्दू बराच काळ नस्खमध्येच दिसे. २०१४ मध्ये गूगलने नोटो नस्तालीक हा मोफत फाँट दिला, त्यानंतर हळूहळू फोनवरही नस्तालीक दिसू लागले. ज्याने १९९५ मध्ये 'आता एकदा शिकलो, सुटलो' असे म्हटले असेल, त्याला वीस वर्षांत आणखी दोनदा तरी शिकावे लागले.

हुनर पूर्ण मरू नये म्हणून प्रयत्नही झाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने देशात ठिकठिकाणी उर्दू डीटीपीसह कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम चालवला आणि त्याबरोबरच खुशनवीसीची केंद्रेही चालवली. एका हातात बोरू आणि दुसऱ्या हातात माऊस, हे योग्यच झाले. मदीना मुनव्वराच्या किंग फहद संकुलातून जगभर जाणारा मुसहफही सीरियाचे खत्तात उस्मान ताहा यांच्या हातचा आहे. छपाईचे यंत्र कितीही मोठे असो, पहिले पान माणसानेच लिहिले.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे

मराठीत मोडी लिपीचे काय झाले ते पाहा. शेकडो वर्षे कारभार, जमिनीचे व्यवहार, पत्रे मोडीत लिहिली गेली. छापखान्याने देवनागरीला बळ दिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही मोडी कागदांचे असंख्य रुमाल बांधून ठेवलेले आहेत आणि ते वाचणारे मोजके आहेत. कोकणात, मराठवाड्यात, नगर-साताऱ्याकडे आपल्याही अनेक घरांत इनामाचे, दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या जमिनीचे जुने कागद मोडीत किंवा फारसीत आहेत. वाद निघाला की वाचणारा शोधत फिरावे लागते. लिपी गेली की कागद घरात असूनही मुका होतो.

हीच वेळ आता आपल्या घरातल्या उर्दूवर येते आहे. आपली मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात आणि त्यात गैर काही नाही. मराठी आपली भाषा आहे. पण नानीने नानाजींना लिहिलेली पत्रे, दादाजानची डायरी, घराण्याचा शजरा उर्दूत आहे. नातवंडे उर्दू बोलतात, ऐकतात, मोबाईलवर रोमन अक्षरांत टाइपही करतात, मात्र पत्र उघडले की त्यांना एक ओळ वाचता येत नाही. कातिब गेले म्हणून हे झाले नाही. लिहिण्याचे काम यंत्राने घेतले, वाचण्याचे काम घ्यायला मात्र कुणी पुढे आले नाही.

मग आपण काय करावे?

वाचक भगिनी आणि बंधूंनो, कातिबांच्या हकिकतीतून घरासाठी काही साध्या गोष्टी घेता येतील.

घरात नवी गोष्ट आली, मग ती बँकेचे ॲप असो, मुलीचे दुसऱ्या शहरातले शिक्षण असो की सुनेची नोकरी असो, तर आधी विरोध करणाऱ्याची शंका पूर्ण ऐकून घ्यावी. शंकेत बहुधा काहीतरी खरे असते. फसवणुकीच्या फोनची भीती वाटणाऱ्या अब्बांना हसण्यापेक्षा त्यांच्याकडून घरातल्या सर्वांनी सावधपणा शिकावा आणि त्यांना व्यवहार शिकवावा.

वडीलधाऱ्यांना शिकवताना घाई करू नये आणि चारचौघांत चूक दाखवू नये. एका वेळी एकच गोष्ट, तीही त्यांच्या गरजेची. परदेशातल्या मुलाचा चेहरा फोनवर पाहायचा असेल तर अम्मी आठवड्यात शिकतात, हे आपण अनेक घरांत पाहिले आहे.

रोजगार बदलताना थोडे पेरून पाहावे. चालू काम सोडण्याआधी संध्याकाळचा एक तास नव्या कामाला द्यावा. आणि जो देणे शक्य नाही अशा स्थितीत आहे, त्याला नातेवाइकांनी, मोहल्ल्याच्या जमातीने तो तास मिळवून द्यावा. फीचे पैसे, एक जुना लॅपटॉप, दोन महिन्यांचा किराणा एवढ्यानेही एखाद्याची वाट बदलते. जकात-सदक्याचा असा विनियोग करताना पात्रतेबाबत आलिमांचा सल्ला घ्यावा, पण विचार जरूर करावा.

आणि लिपीसाठी एक छोटे काम. सुटीच्या दिवसांत घरातल्या एका जाणत्या माणसाने मुलांना रोज अर्धा तास उर्दू वाचायला शिकवावे. ज्या मुलांनी नाजरा कुरआन पढले आहे त्यांची बहुतेक अक्षरे झालेलीच असतात. आमच्या अनुभवात अशी मुले दोन-अडीच महिन्यांत सोपा मजकूर वाचू लागतात. पहिला धडा म्हणून घरातलेच एखादे जुने पत्र घ्यावे. त्याचा फोनवर फोटो काढून ठेवावा, मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालावा, आणि मजकूर मुलाकडूनच देवनागरीत उतरवून घ्यावा. नानी हयात असतील तर अडलेला शब्द त्यांना विचारावा. त्या सांगू शकतात तोवरच हे काम सोपे आहे.